रोज जागा बदलणारा बिघाड

आजच्या समारंभाचं अध्यक्षपद भूषवणाऱ्या संचालिका महोदया, व्यासपीठावरील मान्यवर, उद्यापासून ज्यांची खुर्ची या इमारतीला रिकामी दिसणार आहे त्या आपल्या मॅडम, त्यांचे यजमान, आणि चहा समोर दिसत असूनही जागेवर बसून राहिलेल्या सुजाण श्रोतेहो,

माझ्याआधी बोललेले सगळे या संस्थेतले, शिकलेसवरलेले. मी दुकानदार. कॉम्प्युटर जोडून विकतो. निरोपाच्या कार्यक्रमात दुकानदाराला कोण बोलावतं? पण मॅडमनीच म्हणे माझं नाव सुचवलं. "त्यांना बोलू द्या, माझ्यापायी त्यांनी फार सोसलंय," असं म्हणाल्या. अध्यक्ष महोदया, हे खरं आहे. कसं ते सांगतो.

पाच वर्षांपूर्वी मॅडमनी आमच्याकडून एक दणकट कॉम्प्युटर घेतला. आमच्याकडून म्हणजे मी आणि माझा थोरला भाऊ. गिऱ्हाइकाशी बोलायचं मी, जोडणी दादाची. तुम्ही इथं रक्त तपासणाऱ्या यंत्रांसाठी सॉफ्टवेअर बनवता. लाखो ओळी लिहायच्या आणि त्या सगळ्या एका दमात यंत्राच्या भाषेत उतरवायच्या, त्याला कंपाइल म्हणतात, हे मला मॅडमकडून कळलं. तोवर मला वाटायचं, कंपाइल चालू आहे म्हणजे पगारी विश्रांती. हसू नका, तुमच्यातल्याच एकानं मला तसं सांगितलं होतं.

तीन आठवड्यांत मॅडमचा फोन. "अहो, कंपाइल लावलं की तुमचा कॉम्प्युटर मधेच मान टाकतोय."

आणला दुकानात. दादानं अर्धा तास चाचणी लावली. ठणठणीत! परत नेऊन दिला. चार दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा आणला, पुन्हा ठणठणीत. असं चार वेळा झाल्यावर दादा वैतागला. "त्यांच्या प्रोग्रामातच खोट आहे, सांग त्यांना." मी सांगितलं. अर्थात गोड शब्दांत.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "असेलही. पण मग ती खोट रोज जागा का बदलते?"

मला काही कळेना. त्यांनी समजावलं. प्रोग्राम चुकला असेल तर तो दरवेळी त्याच ओळीवर अडेल. इथं सोमवारी एका फाइलवर अडतो, मंगळवारी भलत्याच. आणि तोच प्रोग्राम त्यांच्या इथल्या जुन्या, रडतखडत चालणाऱ्या कॉम्प्युटरवर सुखरूप पार पडतो. "उद्या या," म्हणाल्या. "तुमच्यासाठी स्टूल ठेवते."

गेलो. कंपाइल लावलं. पंखे असे घोंघावले की मला वाटलं, टेबल उडणार. सत्तेचाळीस मिनिटांनी पडदा काळा. पुन्हा लावलं, तेवीस मिनिटांत काळा! आमची चाचणी अर्ध्या तासाची, शिवाय इतका भार टाकणारी नव्हेच. माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार, कारण मॅडमनी स्वतःचा डबा उघडून अर्धा माझ्यापुढे सरकवला.

मग तीन दिवस मी त्या स्टुलावर. मी उतावळा. म्हटलं, मेमरी आणि पॉवर सप्लाय दोन्ही बदलून टाकू. मॅडमनी माझ्या हातावर चक्क पट्टी मारली. "एका वेळी एकच. दोन बदललेत आणि चाललं, तर दोषी कोण ते कसं कळणार?" मेमरी बदलली, कोसळला. पॉवर सप्लाय बदलला, कोसळला. प्रोसेसरवरचा पंखा बदलला, तरी कोसळला. दरवेळी वहीत वेळ, फाइलचं नाव आणि खोलीचं तापमान. दुखणाईताची नाडीसुद्धा कुणी इतक्या निगुतीनं लिहून ठेवत नसेल.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मदरबोर्डाच्या, म्हणजे सगळे सुटे भाग ज्यावर बसतात त्या पाटीच्या, सेटिंगचा पडदा उघडला. एका ओळीवर बोट ठेवलं. प्रोसेसरनं किती वीज ओढायची त्याची मर्यादा. प्रोसेसर बनवणाऱ्यांनी आकडा ठरवून दिलेला, पण मदरबोर्ड कारखान्यातून आला तोच मर्यादा उठवून! एरवी काही बिघडत नाही, पण बराच वेळ पूर्ण भार पडला की प्रोसेसर भेलकांडतो. मॅडमनी आकडा हातानं भरला. कंपाइल सहा मिनिटं उशिरा संपलं, पण संपलं. एकदा नाही, सलग अकरा वेळा.

मी आनंदानं दुकानात आलो आणि दादाला सांगितलं. तो आनंदला नाही. त्यानं कपाटातून यादी काढली. तोच मदरबोर्ड आम्ही आणखी अडतीस जणांना दिला होता.

"कारखान्यानं दिला तसाच आपण दिला," दादा म्हणाला. "यात आपलं काय चुकलं? आणि बाकी कुणाची तक्रार आहे का?"

खरं सांगतो, श्रोतेहो, मलाही ते पटलं. म्हणजे पटवून घ्यायला सोयीचं होतं. यादी दोन दिवस गल्ल्याखाली पडून होती.

तिसऱ्या दिवशी मॅडम स्वतः दुकानात आल्या. इकडचं तिकडचं बोलल्या, मग सहज विचारलं, "हाच बोर्ड आणखी कुणाकुणाकडे गेलाय?"

दादानं यादी पुढे केली. म्हणाला, "मॅडम, फोन करून काय सांगू? तुमचा कॉम्प्युटर आम्ही न तपासता दिला म्हणून? दुकानावर कोण येईल मग?"

"एक सेटिंग बदलायचंय, पाच मिनिटांचं काम आहे, एवढंच सांगा," मॅडम म्हणाल्या. "पहिला फोन मी करते." आणि फोन उचलून बोलल्यासुद्धा. "नमस्कार, तुम्ही आमच्या दुकानातून कॉम्प्युटर घेतला होतात ना?"

आमच्या! दादानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग उठला आणि दुसरा फोन त्यानं स्वतः लावला.

दोन दिवसांत अडतीस फोन झाले. दोघांनी आम्हाला सणसणीत सुनावलं. सात जण म्हणाले, अहो, आमचाही मधेच बंद पडतो, आम्हाला वाटलं घरची वीजच खराब. आणि एक गृहस्थ म्हणाले, "तूच काहीतरी भलतं दाबतेस म्हणून तीन महिने मी बायकोला बोल लावतोय. आता तुम्हीच तिला सांगा," आणि फोन तिच्या हातात दिला! पुढची दहा मिनिटं माझी काय अवस्था झाली, ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही. गिऱ्हाईक मात्र एकही तुटलं नाही.

दादा आज इथं आलाय. त्यालाच बोल म्हटलं होतं, पण माइक दिसला की तो शेवटची रांग गाठतो. सकाळी दुकान उघडताना एवढंच म्हणाला, "त्या दिवशी मी मॅडमना चहा विचारला. आभार मानायचे राहून गेले रे."

दादा, जरा उभा राहतोस?

मॅडम, तो बघा, शेवटच्या रांगेत. हात जोडून उभा आहे. त्याचं भाषण एवढंच आहे, आणि ते माझ्या भाषणापेक्षा चांगलं आहे.

मला बोलू दिल्याबद्दल संस्थेचा आणि ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचा ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाला काही लागलं असेल, मानपानात कुणी राहिलं असेल, तर मोठ्या मनानं पदरात घ्या. नमस्कार.