जैतुनाचं कडू पान

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या विद्याशाखेचे अधिष्ठाते अब्देलमजीद शाबूनी, ट्युनिसहून वेळ काढून आलेल्या कर्करोगतज्ज्ञ डॉ. हयेत मस्मूदी, आजच्या सत्कारमूर्ती, आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. नझिहा फेंद्री, सर्व सहकारी, विद्यार्थी, आणि पहिल्या रांगेत काठी मांडीवर आडवी ठेवून बसलेल्या डॉ. नझिहांच्या थोरल्या बहीण, ज्यांना आम्ही सगळे मानाने ‘लल्ला’ म्हणतो त्या लल्ला मब्रूका, आपणां सर्वांना माझा आदरपूर्वक सलाम.

मी वसीला घुर्बेल. डॉ. नझिहांच्या हाताखाली मी जैतुनाच्या पानांतून अर्क काढते. स्फाक्समध्ये हे काम करणं म्हणजे गावभरच्या सल्ल्यांना आमंत्रण. इथे कुणाला ताप आला तरी पान, साखर वाढली तरी पान. ‘आमच्या आजीला जे ठाऊक होतं ते शोधायला तुम्हाला एवढी यंत्रं कशाला?’ असं मला भाजीबाजारात किती जणींनी विचारलंय! डॉ. नझिहा त्यावर एवढंच म्हणत, “आजीला पान ठाऊक होतं. पानातलं काय, किती आणि कुणाला, हे ठाऊक नव्हतं.” बाईंना गोड बोलता येत नाही, हे या सभागृहात मी नव्याने सांगायला नको. (हसू नका, अध्यक्षमहाराज, आपणही त्यातून सुटलेले नाहीत.)

लल्ला मब्रूकांची परवानगी घेऊन आज एक गोष्ट सांगते.

काही वर्षांपूर्वी त्यांच्या स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली. उपचार संपले, केस परत आले, घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मग एका नोव्हेंबरात जैतुनाच्या तोडणीला सगळं कुटुंब मळ्यात गेलेलं असताना लल्लांनी एक फांदी खाली ओढली आणि दंडाचं हाड मोडलं. पडल्या नाहीत, धडकल्या नाहीत. नुसती फांदी ओढली. डॉ. नझिहा शेजारच्याच झाडाखाली होत्या. हाड मोडल्याचा आवाज त्यांनी ऐकला. काय झालंय हे त्यांना तपासणीच्या आधीच कळलं होतं. ज्या दुखण्यावर त्या उंदरांमध्ये काम करत होत्या, तेच बहिणीच्या हाडात शिरलं होतं.

विद्यार्थ्यांना ठाऊक आहे, पण पाहुण्यांसाठी सांगते. आपल्या हाडात पाडणारे आणि बांधणारे असे दोन तऱ्हेचे गवंडी असतात. कर्करोग हाडात शिरला की पाडणाऱ्यांना चिथावतो. हाड जितकं पडतं, तितकं त्याला खाद्य मिळतं, आणि तो आणखी चिथावतो. जैतुनाच्या पानात जो कडू अंश आहे, तो या पाडणाऱ्यांना आवरतो, असं आम्हाला काचेच्या बशीत आणि उंदरांत दिसत होतं. फक्त बशीत आणि उंदरांत.

लल्लांचा दंड सळई घालून सांधला. किरणोपचार झाले, गोळ्या सुरू झाल्या, आणि हाडं टिकावीत म्हणून ठरावीक दिवसांनी शिरेतून इंजेक्शन. ते घेतलं की त्यांना दोन दिवस ताप यायचा, अंग ठणकायचं. त्यातच हम्माममध्ये न्हायला गेल्यावर कुणी बाई भेटली. म्हणाली, मी सगळं सोडलं, नुसता पानांचा काढा पिते, बघ कशी ठणठणीत आहे! झालं. लल्लांनी ठरवलं, इंजेक्शन बंद. आणि बहिणीला म्हणाल्या, “काढा तरी कशाला? तुझ्याकडे निवडून काढलेला अर्क आहे. तोच आण.”

मी त्या वेळी त्यांच्या स्वयंपाकघरात होते.

“नाही आणणार,” डॉ. नझिहा म्हणाल्या.

“उंदरांना देतेस ना? मी काय उंदरापेक्षा वाईट?”

“उंदीर मेला तर मी दुसरा आणते. तू मेलीस तर दुसरी बहीण कुठून आणू?”

“म्हणजे तुझाच तुझ्या औषधावर विश्वास नाही!”

“विश्वास ठेवायला नाही, तपासायला मी ते काढते, लल्ला. ते तुझ्या गोळ्यांशी भांडेल की मैत्री करेल, मला माहीत नाही. माहीत नसलेलं मी तुझ्या पोटात घालणार नाही. इंजेक्शन सोडलंस तर हाताला धरून ओढत नेईन.”

लल्लांनी ओढणी सावरली, “जा, आपल्या उंदरांत जा,” म्हणाल्या, आणि बोलणं टाकलं.

प्रयोगशाळेत आल्यावर डॉ. नझिहा अर्काच्या कपाटासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. किल्ली त्यांच्याच खिशात होती. विचारणारं कुणी नव्हतं. मग ती किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “ही आता तुझ्याकडे असू दे. मी मागितली तरी देऊ नकोस.” मित्रहो, त्यांना मी तेव्हा पहिल्यांदा रडताना पाहिलं.

ईद आली. दरवर्षीप्रमाणे खारवलेला मासा आणि त्यासोबतचा कांदा-मनुकांचा दाट रस्सा, शर्मूला, लल्लांकडून आला, पण निरोप नाही. इंजेक्शनच्या दिवशी डॉ. नझिहा रुग्णालयात जाऊन बाकाच्या एका टोकाला बसत. दुसऱ्या टोकाला लल्ला. कारण रागावल्या तरी लल्ला इंजेक्शनला यायच्या! मध्ये मी, दोन देशांच्या सीमेवरच्या चौकीसारखी. असे कितीतरी महिने गेले. मग एकदा लल्ला समोर बघत म्हणाल्या, “पाय आत घे. येणारे-जाणारे अडखळतात.” डॉ. नझिहांनी पाय आत घेतले. एवढ्यावर समेट झाला.

पुढे डॉ. हयेत यांनी ट्युनिसमध्ये माणसांवरची पहिली छोटी चाचणी हाती घेतली. निम्म्या बायकांना आमच्या अर्काची गोळी, निम्म्यांना खडूची, आणि नेहमीचे उपचार दोन्ही गटांना चालूच. कुणाला काय मिळतंय, हे ना बाईला ठाऊक, ना डॉक्टरला, ना आम्हाला. डॉ. नझिहांनी बहिणीसाठी शब्दही टाकला नाही. लल्लांनी आपल्या डॉक्टरांकडून परस्पर नाव घातलं, तपासण्यांत पात्र ठरल्या, आणि सही करून आल्यावर फोन केला, “तुझा उंदीर बोलतोय.”

मग दर भेटीत चिडवणं सुरू. “आजची गोळी भलती कडू होती. म्हणजे खरीच.”

“दोन्ही कडूच केल्यात आम्ही. मुद्दाम.”

“मेली लबाड!”

या वसंतात निकाल उघडला. अर्क घेणाऱ्या बायकांना मोठा अपाय झाला नाही, आणि हाड झिजल्याची रक्तातली खूण त्यांच्यात अधिक उतरलेली दिसली. बायका थोड्या होत्या, त्यामुळे ढोल वाजवायची वेळ आलेली नाही. पण मोठ्या चाचणीला परवानगी मिळाली आहे, आणि ती आता स्फाक्समध्येही सुरू होते आहे. टाळ्या वाजवायच्या तर त्या बायकांसाठी वाजवा.

आणि लल्ला? त्यांना खडूची गोळी होती.

हे ऐकल्यावर त्या बहिणीकडे वळल्या. “खडू? मग माझी हाडं टिकली कशावर?”

“जे इंजेक्शन तू सोडायला निघाली होतीस, त्यावर.”

डॉ. हयेत साक्षीला आहेत, लल्ला एवढ्या हसल्या की परिचारिका धावत आली. हसू आवरल्यावर म्हणाल्या, “बरं. आता खरी द्या.” खडू मिळालेल्या बायकांना पुढे खरी गोळी देण्याची सोय चाचणीतच होती. त्यांनी ती सुरू केली आहे. इंजेक्शनही चालू आहे. ती गोळी त्यांना किती साथ देईल? आम्हाला माहीत नाही. पण आता ते कळण्याची वाट तरी आहे, आणि त्या वाटेवर त्या स्वतःच्या पायांनी चालताहेत.

मी काल लल्लांना विचारलं, उद्या तुमच्या बहिणीबद्दल काय सांगू? त्या म्हणाल्या, “सांग, सगळं गाव मला बरं वाटेल ते सांगत होतं. ही एकटी मला खरं सांगत होती. म्हणून मी अजून तिच्याशी भांडू शकते.”

डॉ. नझिहा, या सगळ्याबद्दल आम्हा सर्वांच्या वतीने आपले मनापासून आभार. संयोजकांचे आणि आपण सर्वांनी इतकं शांतपणे ऐकलंत त्याबद्दल आपलेही. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, किंवा घरातलं जास्तच चव्हाट्यावर आलं असेल, तर पोटात घाला. मी थांबते, कारण लल्ला मब्रूका काठीने ध्वनिक्षेपकाकडे खूण करताहेत, आणि डॉ. नझिहा मानेने ‘नको नको’ म्हणताहेत.

या, लल्ला. सावकाश. पायरी आहे.