सफाईचा फोटो

वॉर्ड ऑफिसात तक्रारीच्या रांगेत माझ्यापुढे शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या. खिडकीतला कारकून सांगत होता,

"तुमच्या दुकानासमोरचं गटार गेल्याच आठवड्यात साफ झालंय."

"मग काल आत गुडघाभर पाणी कुठून आलं? दोन्ही मशिनं गेली माझी."

"पाऊस जास्त झाला, बाई. त्याला आम्ही काय करणार?"

"गाळ झाकणापर्यंत तसाच आहे. आठवडाभर तिकडे कुत्रंसुद्धा फिरकलेलं नाही."

"आमच्याकडे फोटो आहे ना. हा बघा, गटार एकदम स्वच्छ. मागे दुकान तुमचंच?"

"माझंच. दारात कात्री घेऊन बसलेत ते माझे मिस्टर."

"मग झालं तर. त्यांनाच विचारा, सफाई झाली की नाही."

"त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, साहेब. तुम्हीच विचारून या."