पाणी शिकवताना मी पडलो

अहो, काल कर्वेनगरच्या क्लासमध्ये अकरावीच्या मुलांसमोर मी धाडकन पडलो, आणि अजून खूश आहे!

रेणू पोलर कधी होतो, म्हणजे त्याची एक बाजू धन आणि दुसरी ऋण कधी होते, ते शिकवत होतो. दोन मुलांना माझे हात विरुद्ध दिशांना ओढायला लावले. मी जागचा हललो नाही. म्हटलं, "हा सरळ रेषेतला कार्बन डायऑक्साइड. मधला कार्बन मी, इलेक्ट्रॉन ओढणारे कडेचे ऑक्सिजन तुम्ही. ओढ दोन्हीकडे सारखी, म्हणून नॉनपोलर! आता दोघं पुढे येऊन तिरपे ओढा, म्हणजे झालं पाणी!"

ओढलं, आणि मी थेट बाकाखाली. सगळे हसले. वर्षभर तोंड न उघडलेली सायली मात्र उभी राहिली.

"सर, पाण्यात मधला ऑक्सिजनच कडेच्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन ओढतो. हा तर कडेचे ऑक्सिजन ओढणारा सल्फर डायऑक्साइड झाला. पाणी असतं, तर ही दोघं पडली असती."

मी खालूनच ओरडलो, "शाब्बास!"

गुडघा फुटलाय, हे घरी आल्यावर कळलं.