फोटोचा फ्रॉक

पावडर कशाला लावलीत हो तिला? आत पुसूनच टाकतील. नाही, सहज म्हटलं — नवा फ्रॉक, रिबिनी, टिकली — रागावू नका ताई. टॉन्सिलच ना? आजच ऑपरेशन? म्हणजे उपाशी असेल पोर. आणि काय सांगून आणलंत? बर्थडेला जायचंय? — वाटलंच मला.

आमचं झालं, इथंच. बावीस दिवस झाले. ती काय, खिडकीशी, आपल्याकडे पाठ करून बसलीय — रुचिता. सहाची आहे. दाखवायला आणलंय. घसा बरा आहे हो, डॉक्टर म्हणतात जखम छान भरलीय, श्वासपण नाकानं घेते आता. आधी काय घोरायची माहितीये? गोडदेवला आमची एकच खोली, ह्यांची पहाटेची ड्यूटी, हे वैतागायचे — तोंड बंद कर तिचं. शाळेत बाकावर झोपायची, बाई मठ्ठ म्हणायच्या. सारखं तोंड उघडं. मग मीपण मारायचे — तोंड मीट, तोंड मीट — चापट्या मारल्यात हो मी. मला काय ठाऊक नाकामागे गाठ वाढलीय, तिला तिकडनं श्वासच येत नाही? आईला कळायला पाहिजे? पाहिजेच. नाही कळलं.

आणि ऑपरेशनचं सांगायचा धीरच होईना. म्हटलं, फोटो काढायला जायचंय, भाईंदर वेस्टला, स्टुडिओत. वाढदिवसाचा फ्रॉक घातला. सकाळी दूध मागितलं तर म्हटलं, नको, फोटोत मिशी दिसेल — खोटं बोलायला लागलं ना, की सुचत जातं. रिक्षात विचारत होती, आई, हसताना दात दाखवू का? पुढचा पडलाय ना. म्हटलं, दाखव. आणि आत तो टेबलावरचा मोठा दिवा — तिला खरंच वाटलं, स्टुडिओच. सिस्टर नंतर मला म्हणाल्या, किती गुणी हो तुमची मुलगी, दिव्याकडे बघून हसत होती, जराही हलली नाही. कौतुकानं सांगत होत्या.

शुद्धीवर आली, रक्त ओकली, माझ्याकडे बघितलं — तेव्हापासनं एक शब्द नाही. कुणाशीच नाही. गादी ओली करते. मी चप्पल घातली की कॉटखाली शिरते, आज ओढून काढलंय. फ्रॉक अंगाला लावू देत नाही — बघा ना, सुट्टी असून युनिफॉर्म घालून आणलंय. आइस्क्रीम आणते, तोंड घट्ट मिटून बसते. तोंड मीट म्हणत होते ना मी? मिटलं.

आणखी एक सांगू? ह्यांनाही नाही सांगितलं. ती आत होती ना, तेव्हा मी ह्याच बाकावर होते — आणि देवाचं नावसुद्धा नाही आलं हो तोंडात. मनात काय आलं, तर चला, आता झोप मिळेल. एवढंच. आता घरात चिडीचूप असतं, आणि मी टक्क जागी. उठून तिच्या नाकाखाली बोट धरते. आई आहे का मी?

डॉक्टर म्हणतात, बोलेल, मुलं विसरतात. विसरतात? तुमच्या पाया पडते ताई, अजून वेळ आहे — मांडीवर घ्या आणि सांगा, सुई आहे, दुखेल, पण मी दाराशी उभी आहे. रडेल? रडू दे की. रडणारं पोर परवडलं.

अगं — रुचिता? कुठं चाललीस? ताई, हलू नका. तुमच्या मुलीकडे गेली. बघा, रिबीन सोडतेय तिची, वाकली — ओठ हलले! बोलली! बोलली हो ती, कानात काहीतरी बोलली! काय म्हणाली? विचारा ना तुमच्या बाळीला, विचारा —

काय? "आत बर्थडे नसतो. आई खोटं सांगते."

असं म्हणाली? — आवाज कसा होता हो? बसलेला नव्हता ना? मला ऐकूच नाही आला.

जा ताई, सिस्टर बोलावतायत. आम्ही बसतो.