देवमाशाच्या पोटातले जॅकेट

मी, मेल्विना एम्ब्रोज पार्डी, वय ६१ वर्षे, धंदा मासळी कारखान्यातून निवृत्त, राहणार ग्रेव्हल कोव्ह, न्यूफाउंडलंड. आज सोमवार, २२ सप्टेंबर रोजी दुपारी अडीच वाजता स्वतः चौकीत येऊन सांगते की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझे पती एम्ब्रोज, आणि आमचे शेजारी हेडली स्टकलेस यांचा मुलगा लेस्टर, वय २६, हे दोघे गेल्या वर्षी १४ नोव्हेंबरला आमच्या होडीतून मासेमारीला गेले. होडी बुडाली. एम्ब्रोज चार दिवसांनी मृत सापडले. लेस्टर सापडला नाही.

घरी काम नसल्याने मी मार्चपासून किनाऱ्यावरचा कचरा गोळा करू लागले. मेमध्ये ग्रामसमितीने टेकाडावरची जागा दिली. तिथे मी त्या कचऱ्याचा देवमासा केला. लांबी नऊ मीटर. सांगाडा शेवंड पकडायच्या जुन्या पिंजऱ्यांच्या तारेचा. वरून दोर, फाटकी जाळी, साबणाच्या बाटल्या, तरंगते गोळे. हातमोजे १४६, त्यांतले बहुतेक उजव्या हाताचे. तोंडातून आत जाता येते. आत एक बाक आहे.

हेडली मला तारा वाकवून देत असे. तो म्हणायचा, "मेल, समुद्राने बाहेर टाकलेलं उचलायचं आणि पुन्हा समुद्रासमोरच मांडायचं. तुझ्या डोक्याला काय म्हणावं!" मी म्हणायचे, "तू पक्कड धर आणि गप्प बस."

३ जून रोजी सकाळी दहाच्या सुमारास खाडीच्या उत्तरेच्या खडकांत मला होडीत बुडू नये म्हणून घालतात तसले एक पिवळे तरंगजॅकेट मिळाले. शेवाळ धुतल्यावर कमरेपाशी जादा पट्टा दिसला, हिरव्या दोऱ्याने शिवलेला. लेस्टर अंगाने बारीक असल्याने त्याची आई ड्रुसिला हिने तो शिवला होता. शिवला त्या दिवशी मी तिच्या स्वयंपाकघरात होते.

जॅकेट कोणाचे हे मी ओळखले. मी ते पोलिसांकडे आणले नाही व स्टकलेस कुटुंबाला सांगितले नाही. का, असे विचारल्यावरून सांगते की, ड्रुसिला लेस्टरच्या खोलीतला हीटर मंद चालू ठेवते, कपड्यांना दमट वास लागू नये म्हणून. याहून दुसरे कारण मला सांगता येत नाही.

जॅकेट फेकता आले नाही. घरातही ठेवता आले नाही. १० जूनला मी ते देवमाशाच्या पोटात, डाव्या बाजूला, तीन पदरी जाळ्याखाली लपवले. पट्टा बाहेरून दिसू नये म्हणून आतल्या बाजूला वळवला. बकले बंद होती की उघडी, असे विचारल्यावरून सांगते की बंद होती. जादा पट्ट्याचेही बंद होते, म्हणजे ते लेस्टरच्या अंगात होते. मी ती उघडली नाहीत.

शनिवारी, २० तारखेला दुपारी देवमासा लोकांसाठी खुला केला. साठएक माणसे आली. हेडली आत जाऊन बाकावर बसला. तो बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा मी त्याला चहा आणि मनुक्यांचा पाव दिला. त्याने तो उभ्यानेच खाल्ला. मी विचारले, "देवमासा कसा वाटला?" तो म्हणाला, "चांगला झालाय. मजबूत झालाय." आणि घरी गेला.

काल रविवारी चर्चच्या वेळेत मी घरीच होते. पावणेबाराला खिडकीतून मला हेडली टेकाडावर दिसला. त्याच्या हातात मासे चिरायची सुरी होती. मी बाहेर गेले नाही. तो वीसएक मिनिटांनी खाली उतरला तेव्हा त्याच्या कोटाखाली काहीतरी होते. नंतर जाऊन पाहिले. डाव्या बाजूला हातभर भोक होते. जॅकेट नव्हते. बाकी कशालाही हात लावलेला नव्हता.

ग्रामसमितीच्या चिटणीसांनी तोडफोडीची तक्रार दिली, तेव्हा त्यांना यातले काही ठाऊक नव्हते. ही तोडफोड नाही. हेडलीने स्वतःच्या मुलाची वस्तू नेली. त्याच्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही.

आज सकाळी नऊ वाजता ड्रुसिला माझ्या दारात आली. आत ये म्हटले तरी आली नाही. आमचे बोलणे झाले ते असे.

"कधीपासून होतं तुझ्याकडे?"

"तीन जूनपासून."

"दर बुधवारी माझ्याकडे पत्ते खेळायला येत होतीस."

"हो."

"हसतही होतीस."

"हो."

"तुझा तुला मिळाला, मेल. तू त्याला पुरलंस. फुलं ठेवायला तुला जागा आहे. माझ्या वाट्याला एवढंच आलं होतं, आणि तेही तू मला दिलं नाहीस."

मी म्हणाले, "तू वाट बघत होतीस, ड्रू."

ती म्हणाली, "मी वाट बघत नव्हते गं. मला कळलं होतं. सगळ्यांना बरं वाटावं म्हणून मी वाट बघत होते."

त्यानंतर ती गेली. मी दार लावले की नाही, मला आठवत नाही.

जॅकेट सध्या स्टकलेस यांच्या घरी आहे. ते तपासासाठी न्यावे लागणार असल्यास, न्यायला येणाऱ्याने आधी दार वाजवावे व टोपी काढावी, एवढी विनंती आहे.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात जॅकेट "सुरक्षित ठेवले" असे लिहिले होते. मी तसे सांगितले नव्हते. माझ्या सांगण्यावरून ते खोडून तिथे "लपवले" असे केले आहे व खाडाखोडीपाशी मी सही केली आहे. आता बरोबर आहे.