दस्तगीरची चप्पल

आता हसताय, पण आमच्या दस्तगीरची चप्पल मुंबईच्या गोदीत ऱ्हायली तवा माझ्या जिवाला घोर लागलता. आमच्या संस्थानचं महाराज गादीवर येऊन तीन-चार वर्सं झालती. आमी दोघं गडहिंग्लजचे गवंडी, रेल्वेच्या पुलांच्या कामाला मोंबासाला निघालतो. आगबोटीची लाकडी जमीन घरातल्या सोप्यागत लख्ख धुतल्याली. ते बघून ह्यो गडी, कुणाच्या घरात शिरावं तसा, चप्पल धक्क्यावर काढून आत गेला. मागनं गर्दी आली आन् बोट सुटली.

तितनं पुढं त्यो एका जागी बसंना. दिसातनं धा येळा कठड्यापाशी जायाचा.

"अरं, गेली ती गेली," मी म्हनलं.

"चपलेचं न्हाय रं. चप्पल भाईर काढून आत आलोय, मंजे मला परत जायाचंय."

मोंबासा आलं. समदी उतरली, ह्यो हलंना. "ज्या दारात चप्पल काढली, त्याच दारानं भाईर पडायचं असतंय की," म्हनला. बोटीवरला साहेब वरडाय लागला. शेवटी मीच दंडाला धरून वडला. खाली वाळू तापल्याली, आन् ह्यो अनवाणी.

पाच वर्सं आमी पूल बांधलं. मी रोज चिडायचो, पण ह्येनं नवी चप्पल घेतली न्हाय.

परतलो तवा मुंबईच्या धक्क्यावर पाय ठेवून त्यो खाली बघत उभा ऱ्हायला.

"काय हुडकतोस? पाच वर्सांनी चप्पल असती व्हय?"

"न्हाय," म्हनला. "आत्ता भाईर पडलो बघ."