स्टुलाचं विधेयक

नाही, पण शेवटी मागेच घ्यायचं असतं तर मांडायला कशाला देतात हो? सरळ सांगा ना, की बाबा रे, शुक्रवारी दुपारी ये, तुझं ते विधेयक जरा हवेत फडकव आणि परत खिशात घालून घरी जा... तेवढ्यासाठी मी कचेरीत खेटे घातले, मसुदा तपासून घेतला, त्या दिवसासाठी म्हणून नवा कोट शिवला. कोट अजून आहे. विधेयक नाही.

तुम्हाला वाटतं, आमदार म्हणजे बोट वर केलं की कायदा झाला. अहो, मी मागच्या बाकावरचा आमदार. आमच्या रांगेपर्यंत पंख्याचा वारा पोचत नाही, तिथून माझा आवाज पुढे काय पोचणार? आठवडाभर सरकारची विधेयकं चालतात, आणि शुक्रवारी जेवणानंतर, म्हणजे निम्मे सदस्य आपापल्या गावच्या गाडीत बसलेले असतात आणि उरलेले पेंगत असतात त्या वेळेला, आमच्यासारख्यांनी स्वतःची विधेयकं मांडायची. त्याचीही एक ठरलेली रीत आहे. सदस्याने उठायचं, पोटतिडकीने बोलायचं. मग मंत्री उठणार आणि म्हणणार, "सन्माननीय सदस्यांच्या भावनांशी शासन पूर्णपणे सहमत आहे, विषय शासनाच्या विचाराधीन आहे, तरी सदस्यांनी आपलं विधेयक मागे घ्यावं." मग सदस्याने म्हणायचं, की मंत्रिमहोदयांच्या आश्वासनावर विश्वास ठेवून मी माझं विधेयक मागे घेतो. बाकं वाजतात, चहा येतो, संपलं. तुम्हाला सांगतो, त्या इमारतीत इतक्या गोष्टी विचाराधीन आहेत, की नक्की कोणत्या खोलीत बसून कोण विचार करतंय ते एकदा दार उघडून बघावंसं वाटतं.

आता माझं विधेयक काय होतं? साधं होतं हो. दुकानात दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या माणसाला मालकाने बसायला काहीतरी द्यावं आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा बसू द्यावं. तीन कलमं. पहिल्यात कायद्याचं नाव, दुसऱ्यात स्टूल, तिसऱ्यात स्टूल न दिल्यास दंड. इतकं छोटं, की छापायला दिलं तर तिथून निरोप आला, बाकीची पानं कुठे आहेत? आणि सभागृहात लगेच माझं बारसं झालं... स्टूलवाले! दालनात कुणी भेटलं की हात पुढे करून, "या स्टूलवाले, बसा." माझ्या शेजारच्या बाकावर नाना बसतात, कितीदा तरी निवडून आलेले आणि दर वेळी त्याच बाकावर झोपलेले, ते डोळे न उघडता म्हणाले, "अरे, हे लोक रस्ते मागतात, पूल मागतात, तू स्टूल मागतोस? मोठं मागावं, म्हणजे नाही मिळालं तरी शोभतं."

पण ते विधेयक माझं नव्हतंच मुळात. बायकोचं होतं.

बायको कापडाच्या दुकानात कामाला. मी उभं आयुष्य पक्षाचं काम केलं, म्हणजे सतरंज्या उचलल्या, घोषणा दिल्या, घरी वेळेवर आलो नाही आणि आलो तेव्हा चार माणसं जेवायला घेऊन आलो. घर चाललं ते तिच्या पगारावर. कितीतरी वर्षं ती त्या काउंटरमागे उभी. तागा काढा, उलगडा, गिऱ्हाईक म्हणणार यातच जरा फिका दाखवा, की तो गुंडाळा, दुसरा काढा. आणि मालकाचा नियम असा, की दुकानात बसायचं ते मालकाने आणि गिऱ्हाइकाने. दुकानात चिटपाखरू नसलं तरी नोकर उभा पाहिजे. का? तर बसलेला नोकर दिसला की बाहेरून दुकान चालत नाहीसं वाटतं म्हणे. मी निवडून आलो तेव्हा मोठ्या ऐटीत म्हटलं, आता सोड ती नोकरी. तर म्हणाली, "तुमची नोकरी पाच वर्षांची आहे. माझी पक्की आहे."

संध्याकाळी घरात आली की चप्पल काढायच्या आधी ती भिंत धरते. मग बादलीत कोमट पाणी, त्यात पाय. पोटऱ्यांवर शिरा अशा वर आलेल्या... मला बघवत नाही, खरंच सांगतो, मी तेवढ्या वेळात वर्तमानपत्र तोंडासमोर धरतो. एकदा असाच वाचून दाखवत होतो, या अधिवेशनात सरकार कोणकोणती विधेयकं आणणार, नदीकाठच्या झाडांचं, मोकाट जनावरांचं, जुन्या पुलांचं. ती सगळं ऐकत होती. पाय पाण्यातच ठेवून म्हणाली, "माझ्या पायांचं काही आहे का त्यात?"

नव्हतं. म्हणून मांडलं मी. आणि आदल्या दिवशी तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं. म्हणाली, मागे घेऊ नका हं. मी म्हटलं, छे. मंत्री गोड बोलले तरी? तरी. प्रतोदांनी डोळे वटारले तरी? प्रतोद म्हणजे, कधी हो म्हणायचं आणि कधी नाही म्हणायचं हे आम्हाला सांगणारा पक्षाचा माणूस. घरी हे काम बायको करते, सभागृहात प्रतोद. मी म्हटलं, तरीसुद्धा नाही, मरेपर्यंत नाही. आता मरेपर्यंतचं कुणी विचारलं होतं का? पण एकदा भाषणाची सवय लागली ना, की माणूस घरातही सभेत बोलल्यासारखा बोलतो.

तर शुक्रवार उजाडला. तिने अर्धी रजा काढली, दुकानातल्या पाचजणींना बरोबर घेतलं, मी प्रेक्षक गॅलरीचे पास काढून दिले. आमच्या गॅलरीतल्या खुर्च्या बघितल्यात का तुम्ही? मऊ, लाल, बसलं की माणूस चार बोटं आत जातो. माझ्याआधी दोन विधेयकं होती. एक भोंग्यांचं, एक विहिरींचं. दोन्ही सदस्य पोटतिडकीने बोलले, दोन्ही विषय विचाराधीन निघाले, दोन्ही विधेयकं मागे आली. मग माझं नाव पुकारलं.

तुम्हाला सांगतो, मी चांगला बोललो. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण नाना जागे झाले म्हणजे बघा. मी म्हटलं, अध्यक्ष महोदय, इथे बसून बसून आपली पाठ दुखते म्हणून आपण खुर्च्या बदलून घेतल्या, आणि ज्यांच्याकडून आपण कापड घेतो त्यांना पाठ टेकायला भिंतसुद्धा मिळत नाही. विरोधी बाकांवरून वा वा आली. आणि मी वर बघितलं, की बायकोला कसं वाटलं...

सहाच्या सहा झोपलेल्या!

एका रांगेत सहा माना कलंडलेल्या, एकीचं तोंड उघडं, एकीचं डोकं दुसरीच्या खांद्यावर. अहो, होणारच ना. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या बायकांना भर दुपारी मऊ खुर्ची मिळाली, त्या काय भाषण ऐकणार? पण मला आज वाटतं, माझा सगळ्यात चांगला मुद्दा माझ्या डोक्यावर झोपला होता आणि तो सभागृहाला दाखवायचं मला सुचलं नाही.

मग मंत्री उठले. भावनांशी सहमत, विचाराधीन, मागे घ्यावं. मी उठलो आणि म्हटलं, नाही, मतदान घ्या. मंत्री हातातला कागद उलटा करून बघायला लागले, पुढचं काही लिहिलेलंच नव्हतं. अध्यक्ष खाली वाकून सचिवांना विचारायला लागले. तेवढ्यात प्रतोद उपाहारगृहातून धावत आले, तोंडातला घास तोंडात, आणि त्यांनी आमची बाकं बघितली. आमची माणसं गावी गेलेली, आणि समोर विरोधक खच्चून भरलेले. ते येऊन माझ्या शेजारी बसले, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "मतदान झालं तर सरकार पडणार नाही, पण हरेल. स्टुलावरून हरेल. तुम्हाला पुढच्या वेळी निवडणुकीला उभं राहायचंय की नाही?"

मी वर बघितलं. ती झोपलेलीच होती.

आता तुम्हीच सांगा, माणसाच्या मनात काय येईल? जे यायचं तेच आलं. मी उठलो आणि मंत्रिमहोदयांच्या आश्वासनावर विश्वास ठेवला.

अध्यक्षांनी विचारलं, विधेयक मागे घेण्यास सभागृहाची अनुमती आहे? आमच्या बाजूचे होते तेवढे सगळे ओरडले, आहे, आहे, आणि सुटलो एकदाचे म्हणून त्यांनी बाकं अशी बडवली, की त्या आवाजाने वरच्या बायका दचकून जाग्या झाल्या. आणि जाग्या होऊन त्यांना काय दिसलं? लोक आहे, आहे म्हणतायत, बाकं वाजतायत, मंत्री माझ्याकडे बघून हसतायत, प्रतोद माझी पाठ थोपटतायत. काय समजतील त्या? पाचहीजणी उठून टाळ्या वाजवायला लागल्या. गॅलरीत टाळ्यांना बंदी आहे, पहारेकऱ्याने त्यांना बाहेर काढलं. बायको सगळ्यात मागे, पिशवी सावरत. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. आणि मी... हात हलवला. हो, हलवला! आपोआप हलला तो.

फाटकाबाहेर पाचहीजणींनी मला घेरलं. एक तर रडत होती, बायकोला म्हणत होती, तुझा नवरा नुसता बोलत नाही गं. मी तोंड उघडलं, म्हटलं, हे बघा, त्याचं असं आहे की विषय... तेवढ्यात बायको म्हणाली, चला, बस चुकेल.

पुढच्याच आठवड्यात दुकानात स्टुलं आली! तिने जाऊन मालकाला सांगितलं, कायदा झाला. मालकाने दंडाचं ऐकलं, त्यात ती आमदाराची बायको, मुकाट्याने आणली. शेजारच्या चपलांच्या दुकानाने बघितलं, त्यानेही आणली. मग औषधांच्या दुकानाने. मी बाजारातून जायचो तर जिथे तिथे माणसं बसलेली, आणि एकेक स्टूल दिसलं की मी मान खाली घालून पुढे सटकायचो. रोज ठरवायचो, आज सांगायचं. अगं, ते विधेयक आहे ना... म्हणेपर्यंत ती विचारायची, हं, काय त्याचं? आणि त्या दिवसांत ती घरात यायची ती भिंत न धरता. बादली मोरीत कोरडी पडलेली. मग माझं तोंड कसं उघडणार? तेव्हा तिला सांगण्याचा विषय माझ्याही विचाराधीन राहिला.

मग एका रविवारी मालक घरी आले. बसले, घाम पुसला, म्हणाले, "साहेब, कायद्याला माझी ना नाही. पण आम्हा दुकानदारांत वाद पडलाय. स्टूल पाठीचं द्यायचं की बिनपाठीचं?" म्हटलं, त्याचं असं आहे... तेवढ्यात बायको पाण्याचा पेला घेऊन आली आणि म्हणाली, "पाठीचं. कलम चार."

मालकांनी मान डोलावली, पाणी प्यायले आणि गेले. मी दार लावलं. म्हटलं, "अगं, कलम चार कुठून आणलंस? आपल्या विधेयकात तीनच कलमं आहेत."

ती पेला उचलत म्हणाली, "आणि पास तरी कुठे झालंय?"

तुम्हाला सांगतो, प्रतोदांनी गुडघ्यावर हात ठेवला तेव्हासुद्धा मला एवढं गार पडल्यासारखं झालं नव्हतं. म्हटलं, तू तर झोपली होतीस. "भाषणाच्या वेळी झोपले होते, खोटं कशाला बोलू. खुर्चीच तशी होती. पण तुम्ही मतदान घ्या म्हणालात ना, तेव्हा जाग आली. इतकं बरं वाटलं मला. म्हटलं, आता नीट उठून बसावं, तर ते प्रतोद तुमच्या शेजारी येऊन टेकले. मग डोळे किलकिलेच ठेवले."

मग बोलली का नाहीस इतके दिवस? तर म्हणाली, काय बोलू, त्या पाचजणी टाळ्या वाजवत होत्या, तुम्ही मागे घेतलंत, मी पुढे नेलं. मी म्हटलं, अगं, मी तुझ्याकडे बघितलं होतं गं त्या वेळी, शपथ. "हो," ती म्हणाली. "मी झोपलेय का, ते बघितलंत."

रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. सहज म्हणाली. आणि पेला विसळायला गेली.

त्या दिवशी जेवायला आलो तर टेबलापाशी माझी खुर्ची नाही. विचारलं, तर म्हणाली, दुकानात पाठवली, नवी मुलगी लागलीये, एक बैठक कमी पडत होती. मग मी? "तुम्ही उभ्याने. कलम पाच."

तेव्हापासून मी उभ्यानेच जेवतो. परवा सभागृहात मंत्री म्हणाले, की व्यापाऱ्यांनी स्वखुशीने आसनं दिल्यामुळे आता कायद्याची गरज उरली नाही, आणि त्यांनी माझे आभार मानले. बाकं वाजली. मीही वाजवली, काय करता. पण माझ्या पोटऱ्या दुखायला लागल्यात हो, शिवाय उभ्याने जेवण नीट पोटातही उतरत नाही. म्हणून काल, तिचा मूड बघून, हळूच विचारलं, किती दिवस चालायचं हे? ती माझ्या ताटात भात वाढत होती. मान वर न करता म्हणाली, "सन्माननीय सदस्यांच्या भावनांशी मी पूर्णपणे सहमत आहे. विषय विचाराधीन आहे."